मागील दाराने आलेली दाढ

मागच्या वर्षी श्रावणातल्या एका सकाळी, बाहेर कौलांवरून पाऊस एकसारखा ओघळत असताना आणि वर्गात ओल्या दप्तरांचा कोंदट वास भरून राहिलेला असताना, दुसरीतला एक मुलगा बस्करावरून उठून माझ्या टेबलापाशी आला आणि मूठ उघडून उभा राहिला. मुठीत वहीच्या कागदाची बारीकशी पुडी होती आणि पुडीत त्याचा दात. वरच्या दोन मोठ्या दातांच्या शेजारचा, तांदळाच्या कणीपेक्षा जरासा मोठा. एका कडेने तो तपकिरी पडला होता आणि त्या तपकिरी कडेत सुईचे टोक जाईल एवढे काळे भोक होते. एरवी दात पडला की मुले वर्गभर मिरवतात, खिंडारातून जीभ काढून दाखवतात. हा मुलगा मात्र माझ्या कानाशी आला आणि कुणाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाला, “बाई, भोक पडलेला दात उंदीरमामा घेतो काय?”

तेवढ्यात खिचडीची घंटा झाली. मुले ताटल्या घेऊन पडवीकडे धावली आणि मी त्याला “आधी जेवून घे, मग बघू” असे म्हणाले. जेवण झाल्यावर तो हात पुसत वर्गात आला तेव्हा त्याच्या मुठीत पुडी नव्हती. कुठे आहे असे विचारल्यावर त्याने शाळेमागच्या पऱ्याच्या, म्हणजे ओढ्याच्या, दिशेने मान वळवली. पावसाने फुगलेल्या त्या पाण्यात त्याने दात सोडून दिला होता. उंदराच्या बिळात टाकून परत यावा, त्यापेक्षा वाहून गेलेला बरा, असे त्याला वाटले असावे. सात वर्षांच्या मुलाने आपल्याच शरीरातून निघालेली वस्तू अशी गुपचूप नाहीशी करावी, हे दृश्य नंतर कित्येक रात्री माझ्या डोळ्यांपुढून हलले नाही, कारण त्याला ती लाज मी दिली होती.

आठ दिवसांपूर्वी मीच वर्गात सांगितले होते की उंदीरमामा फक्त पांढरेशुभ्र दात घेतो आणि किडके दात बिळाबाहेर ढकलून देतो.

ही कल्पना माझ्या डोक्यात कुठून आली तेही सांगते. माझी धाकटी बहीण न्यू जर्सीत राहते. तिच्या मुलीचा पहिला दात पडला तेव्हा आम्ही सगळे मोबाईलच्या पडद्यापुढे गोळा झालो होतो. आई इकडून सांगत होती की दात छपरावर टाका, आणि बहीण तिकडून सांगत होती की आम्ही चौथ्या मजल्यावर राहतो, छप्पर आमचे नाही. शेवटी दात उशीखाली गेला आणि सकाळी त्याच्या जागी परीने ठेवलेला डॉलर मिळाला. तिथल्या दंतवैद्यांकडून मिळालेल्या एका पत्रकात लिहिले होते की परीला स्वच्छ दात फार आवडतात. भाची ते वाचून रोज रात्री न सांगता ब्रश करू लागली, असे बहिणीने मोठ्या समाधानाने सांगितले. मलाही ती युक्ती आवडली. आमच्या शाळेत पहिली-दुसरीचा वर्ग एकत्र आहे, पट 17, आणि याच दोन वर्षांत मुलांच्या तोंडात सगळी पडझड आणि नवी बांधणी चाललेली असते. दाताविषयी मूल स्वतःहून विचार करते, आरशात पाहते, मोजते, असा हा काळ असतो. तेव्हा परीची अट मी उंदराच्या तोंडी घातली, आणि काही दिवस तिचा उपयोगही झाला. एका मुलीच्या आईने रस्त्यात थांबवून सांगितले की पोर रात्री झोपताना ब्रश मागते. मी खूष होते.

आमच्या गाण्यातल्या उंदराने मात्र कधी कुणाचा दात तपासून पाहिलेला नव्हता.

माझे आजोळ राजापूरजवळचे. जांभ्या दगडाच्या चिऱ्यांचे, उतरत्या कौलांचे, शेणाने सारवलेल्या पडवीचे घर. दात हलू लागला की आजी तो रोज दोन बोटांत धरून पाहायची. तिच्या बोटांना मशेरीचा कडवट वास यायचा आणि तो वास आणि दाताच्या मुळाशी उठणारी ती गोड ठणक माझ्या मनात आजही एकत्रच जागी होतात. दात निघाला की पहिल्यांदा कोमट मिठाच्या पाण्याने चुळा. मग अंगणाच्या कडेच्या गोठ्यातले चिमूटभर शेण, त्यात बसवलेला दात, आणि आजोबांनी उचलून घेतल्यावर आम्ही कौलांवर केलेली ती जिवाच्या आकांताची फेक. ‘उंदीरमामा, उंदीरमामा, माझा दात तुला घे, तुझा दात मला दे.’ गोळा कौलावरून घरंगळत खाली आला तर पुन्हा फेकायचा. त्यानंतर आजीची ताकीद असे की नव्या जागेला जीभ लावायची नाही, नाहीतर दात वाकडा येईल. जीभ तिथे सारखी जायची आणि गेली की आपण काहीतरी बिघडवले म्हणून छातीत धस्स व्हायचे. नवा दात हिरडीतून वर येईपर्यंत पुढचे काही आठवडे आमचे अर्धे लक्ष तोंडातच असायचे. आज मागे वळून पाहताना वाटते की त्या ताकिदीतला वाकडेपणाचा भाग खरा नसला तरी दाताकडे असे लक्ष नंतर आयुष्यात आम्ही कधीही दिले नाही.

मामा हे नाते या सगळ्यात कसे आले याचा मी पुष्कळ विचार केला आहे. आमच्याकडे बाळाचा वरचा दात आधी आला तर तो मामाला भारी, असे म्हणतात. म्हणजे दात येतानाही मामा आणि दात जातानाही मामाच. आईच्या बाजूचा, हट्ट पुरवणारा, हिशेब न मागणारा माणूस. उंदराला काका म्हटले असते तर मुलांनी इतक्या विश्वासाने त्याच्या हवाली दात केला असता की नाही, कोण जाणे.

आणि उंदीर हाच प्राणी का, याचे कारण फक्त आपल्याकडेच सापडले असेही नाही. स्पेनमध्ये दात न्यायला उंदीरच येतो. तिथे आठ वर्षांच्या आल्फोन्सो राजाचा दात पडला तेव्हा, 1894च्या सुमारास, लुइस कोलोमा नावाच्या धर्मगुरूने त्याच्यासाठी उंदराची गोष्ट रचली, आणि तो उंदीर माद्रिदमधल्या एका मिठाईच्या दुकानात बिस्किटांच्या डब्यात राहत असल्याचे सांगितले. जपानमध्ये खालचा दात छपरावर फेकतात आणि वरचा जमिनीच्या दिशेने, म्हणजे नवा दात जुन्याच्या मागोमाग सरळ वाढेल. अमेरिकेतली परी या सगळ्यांहून धाकटी. 1908 साली शिकागोच्या एका वर्तमानपत्रातल्या घरगुती सूचनांच्या सदरात आयांना सांगितले होते की परीची गोष्ट सांगितल्यास हट्टी मूलही हलणारा दात काढू देते. मुलाला दाताच्या कामाला राजी करण्यासाठी गोष्ट वापरायची, ही माझी युक्ती शंभर वर्षांहून जुनी निघाली. उंदराच्या बाबतीत मात्र जुन्या माणसांनी नेमके पाहिले होते. त्याचे पुढचे दात जन्मभर वाढत राहतात. वरचे कठीण कवच त्यांना फक्त पुढच्या बाजूने असते, त्यामुळे मागचा मऊ भाग आधी झिजतो आणि धार कायम राहते. भाताच्या कणगीला, दाराच्या चौकटीला, साबणाच्या वडीला पडलेल्या त्या दोन-दोन समांतर चऱ्या ज्यांनी रोज पाहिल्या, त्यांनी आपल्या लेकरासाठी असाच दात मागावा यात काही नवल नाही.

त्या मुलाच्या घरी मी पुढच्या रविवारी गेले. दाताबद्दल बोलायचे म्हणून गेले असे म्हणवत नाही. खरे तर मला त्याचा चेहरा पाहायचा होता. घरात तीन भावंडे आणि भिंतीवरच्या खिळ्याला अडकवलेल्या प्लास्टिकच्या पेल्यात एकच ब्रश, तोही केस दोन्ही बाजूंना फाकलेला. आई पहाटे उठून सगळे आवरते आणि काजूच्या कारखान्यात जाते. मुले चहात बिस्कीट बुडवून खातात आणि शाळेत येतात. बिस्किटाचा तो मऊ लगदा दाढांच्या खोबणीत बसतो आणि खिचडीपर्यंत तिथेच राहतो. मी दाताचा विषय काढला तेव्हा ती ओशाळली आणि म्हणाली, “दुधाचाच होता ना बाई, पडणारच होता.” त्या वाक्यात हलगर्जीपणा नव्हता. ज्या घरात प्रत्येक रुपयाला आधीच काम ठरलेले असते, तिथे जी वस्तू आपोआप जाणार आहे तिच्यावर खर्च कशाला, हा विचार शहाणपणाचाच वाटतो. माझ्या आईनेही हेच वाक्य उच्चारले होते आणि मीही ते कित्येक पालकांपुढे मान हलवून मान्य केले होते.

पण पडणारच आहे म्हणजे केव्हा? दुधाचे दात 20. पुढचे सहाव्या-सातव्या वर्षी पडू लागतात हे सगळ्यांना दिसते, म्हणून सगळेच लवकर पडतील असे वाटते. मागच्या आठ दाढा मात्र दहाव्या-बाराव्या वर्षापर्यंत तोंडात राहायच्या असतात. भाकरी त्यांनीच चावायची असते आणि पुढे येणाऱ्या दातासाठी जागाही त्यांनीच धरून ठेवायची असते. एसटीत आपण खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतो, तसे हे काम. रुमाल वेळेआधी उचलला गेला तर शेजारचे सरकून बसतात आणि ज्याची जागा होती तो वेडावाकडा उभा राहतो. त्यात दुधाच्या दाताचे कवच पातळ, म्हणून एकदा लागलेली कीड लवकर आत पोहोचते आणि रात्री ठणका लागलेले मूल सकाळी वर्गात पेंगत असते. दुखणाऱ्या दाताने कोणाला पाढे पाठ होतात? मुले खिचडीतले मोड आलेले मूग बाजूला काढतात तेव्हा मी अनेकदा लाडाची सवय म्हणून रागावले आहे. त्यांतल्या काहींना चावताच येत नव्हते, हे मला फार उशिरा कळले.

पडलेला दात मुले हातात घेऊन उलटा करून पाहतात आणि त्यांना तो आतून पोकळ दिसतो. “बाई, याचे मूळ आत राहिले,” असे घाबरून सांगतात. मूळ आत राहिलेले नसते. खालून वर येणारा नवा दात जुन्याचे मूळ हळूहळू विरघळवत येतो आणि शेवटी फक्त वरची टोपी उरते, तीच आपल्या हातात पडते. हे मी वर्गात सांगितले तेव्हा एक मुलगी कितीतरी वेळ गप्प राहून म्हणाली, “म्हणजे नवीन दात आधीपासून तिथेच होता?” होता. उंदीरमामाने द्यायचा दात हिरडीखाली पुष्कळ आधीपासून घडत होता आणि वरचा दात त्याची वाट अडवत नव्हता, राखत होता.

इथे मला आपल्या भाषेतल्या एका शब्दाविषयी बोलायचे आहे. दाताला कीड लागली असे आपण म्हणतो आणि कीड म्हणजे मुलांच्या डोळ्यांपुढे वळवळणारी अळी येते. मुलांच्याच कशाला, आमच्या आजोळी दाढ दुखली की काटेरिंगणीच्या बियांची धुरी तोंडात घेत आणि धुराने कीड बाहेर पडते असे मानत. मी लहानपणी नळी तोंडात धरून बसलेल्या मोठ्या माणसांना पाहिले आहे. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत असायचे आणि आम्ही खाली ठेवलेल्या भांड्यात अळी पडते का हे पाहत असू. अळी असेल तर ती कोणीतरी काढून टाकायची असते, आपण रोज काही करायचे नसते. दातावर चिकटलेल्या अन्नातली साखर तोंडातले जंतू खातात आणि त्यातून जे आम्ल तयार होते ते दाताचे कवच विरघळवते, हे समजावणे शब्दामुळेच अवघड होऊन बसते. कोकणातल्या मुलांना मी आमसुलाचे उदाहरण देते. तांब्याच्या भांड्याला आमसूल चोळले की वरचा थर निघून जातो हे त्यांनी घरी पाहिलेले असते. तोंडात तसेच आंबट बारीक बारीक रोज तयार होते, असे म्हटले की त्यांचे डोळे मोठे होतात. एकदा गेलेले कवच पुन्हा उगवत नाही, कारण ते घडवणाऱ्या पेशी दात हिरडीबाहेर येतानाच संपलेल्या असतात. हे सांगताना मात्र मला प्रत्येक वेळी आवाज जरा खाली आणावासा वाटतो.

पऱ्यात गेलेल्या त्या दातानंतर मी वर्गात गोष्ट बदलली. आधीची गोष्ट माझी चूक होती हेही सांगितले. मुलांना शिक्षकाची चूक ऐकायची सवय नसते, त्यामुळे वर्ग अगदी शांत झाला. मी म्हणाले की उंदीरमामा सगळे दात घेतो, पांढरे, पिवळे, भोक पडलेले, तुटलेले. दात देणाऱ्याला तो काही विचारत नाही. बदल्यात जो दात देतो तो मात्र त्याचा स्वतःचा असतो, आणि तो त्याने आपल्याकडे ठेव म्हणून दिलेला असतो. गाण्यातच तसे आहे, तुझा दात मला दे. दुसऱ्याची वस्तू आपण कशी सांभाळतो? हा प्रश्न मी विचारला आणि उत्तरे पुष्कळ आली. कोणी शेजारच्यांच्या सायकलीची गोष्ट सांगितली, कोणी आजीने आणलेल्या उसन्या विळीची. त्या मुलाने काही सांगितले नाही. पण तो ओठ मिटून बसला होता ते त्याने थोडे सैल सोडले, एवढे मला दिसले.

भाद्रपदात गणपतीचे चित्र फळ्यावर काढत असताना नवा दात आधीपासून तिथेच होता का म्हणणाऱ्या त्याच मुलीने विचारले की गणपतीचा दात मोडला तेव्हा उंदराने त्याला नवा का दिला नाही, तो तर रोज त्याच्या पायाशीच बसतो. माझ्या हातातला खडू थांबला. एकदंत हा शब्द मी हजार वेळा म्हटला असेन, पण त्या मोडक्या दाताकडे आणि पायाशी बसलेल्या उंदराकडे एकत्र पाहिले नव्हते. मी तिला म्हणाले की तो दुधाचा दात नव्हता. बाकी मला काही सुचले नाही, आणि तिला तेवढे पुरले.

गणपतीनंतर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक वर्षातून एकदा येते तसे शाळेत आले. वजन, उंची, डोळे झाल्यावर तपासणाऱ्या डॉक्टर ताईंनी मुलांना खिडकीच्या उजेडात तोंड उघडायला लावले आणि थोड्या वेळाने मला हाक मारून जवळ बोलावले. त्यांनी टॉर्च एका मुलीच्या गालाच्या आत, अगदी मागे धरली. म्हणाल्या, “मधून मोजा.” मी मोजले. एक, दोन, तीन, चार, पाच, आणि त्याच्यामागे सहावी, हिरडीतून अर्धीच वर आलेली, रुंद दाढ. “ही दुधाची नाही. हिच्याआधी इथे काही नव्हते, त्यामुळे काही पडलेही नाही. आली हे घरात कोणालाच कळत नाही.” सहाव्या वर्षी येणारी, मधून सहावी, आणि तोंडात एकूण चार. कायमच्या 32 दातांपैकी 20 जण दुधाच्या दातांच्या जागेवर येतात. उरलेल्या 12 दाढा कोणाचीही जागा न घेता मागे उगवतात, आणि त्यांतली ही पहिली. वर आली तरी शेजारच्या दातांच्या उंचीला पोहोचायला तिला बरेच महिने लागतात, तोवर ब्रश तिच्यावरून घसरून जातो. खोबणी खोल, कवच अजून पुरते पक्के न झालेले. आमच्या 17 मुलांत सहा जणांच्या या दाढेत काळे ठिपके होते. पऱ्यात दात सोडणाऱ्या मुलाच्या खालच्या उजव्या दाढेत ठिपका नव्हता, खड्डा होता.

मी त्या संध्याकाळी घरी आरशापुढे तोंड उघडून मधून मोजले. डावीकडे खाली सहाव्या जागी माझ्याकडे काहीच नाही.

तिथला दात मी चौदाव्या वर्षी काढून घेतला होता. दोन वर्षे तो अधूनमधून दुखायचा. लवंग दाबून धरायची, कधी तेलाचा बोळा ठेवायचा. आई म्हणायची दुधाचा राहिला असेल एखादा, पडेल. तो पडण्याची आम्ही वाट पाहिली. अखेर एका रात्री गाल सुजून डोळा झाकला गेला तेव्हा वडिलांनी मला पहिल्या एसटीने तालुक्याला नेले. काढलेला दात डॉक्टरांनी कापसावर ठेवून दाखवला, त्याला दोन लांब मुळे होती. मी तो मागून घेतला नाही आणि कौलांवर फेकायचे वयही उलटून गेले होते. आता शेजारची दाढ त्या जागेकडे कलली आहे. विचारात असले की माझी जीभ आपोआप तिथे जाते, आजीने जीभ लावू नकोस म्हणून बजावले होते तशाच एका जागेत, फक्त इथे कोणी यायचे नाही. आजी स्वतः शेवटची बारा वर्षे दातांवाचून जगली. तव्यावर तंबाखू भाजून केलेली मशेरी तिने लहानपणापासून दातांना लावली आणि हिरड्या आतून सुटत गेल्या. कवळी बसवून घ्यायला ती तयार झाली नाही. भाकरी दुधात कुस्करायची, विडा खलबत्त्यात कुटायची. मशेरीच्या डबीला हात लावला तर ती आम्हाला रागे भरायची, एवढे तिला कळत होते आणि तरी तिची डबी तिच्या कनवटीला होती. आजही आमच्या वर्गातल्या पाच-सहा घरांत ती डबी आहे.

पुढचे काही दिवस मला एकच गोष्ट दिसत राहिली. आपल्या सगळ्या गाण्यांत, फेकण्यात, पुरण्यात, उशीखाली ठेवण्यात जाणाऱ्या दाताचा सोहळा आहे. येणाऱ्या दाताचा सोहळा बाळाच्या पहिल्या दातापाशी संपतो. समोरचा दात आला तर तो निदान जुन्याच्या खिंडारात दिसतो. ही दाढ मात्र घरात कोणी नसताना मागील दाराने येऊन माजघरात बसलेल्या पाहुण्यासारखी येते. तिला कोणी पाणी विचारत नाही. आणि उंदराकडे तिच्यासाठी जावे तर त्याच्याकडेही ती नाही. त्याचे पुढचे दात जन्मभर वाढतात हे खरे, पण त्याच्या दाढा एकदाच येतात आणि झिजल्या की झिजल्या. हे वाचले तेव्हा मला त्या प्राण्याविषयी एकदम माया वाटली. मामाकडे जे आहे ते तो देतो. दाढ त्याच्याकडे द्यायला नाहीच.

हे मी मुलांना जसेच्या तसे सांगितले. मग लक्ष्मीपूजनाला लाह्या-बत्तासे भरण्यासाठी आणतात तसले मातीचे एक बोळके घरून नेले. दात नसलेल्या तोंडालाही आपण बोळकेच म्हणतो, हे मुलांना माहीत होते आणि त्यांना ते फार आवडले. ठरले असे की ज्याची सहावी दाढ वर दिसेल त्याने बोळक्यात तांदळाचा एक दाणा टाकायचा. दात पडला तर तो नेहमीसारखा शाळेमागच्या गडग्यात, म्हणजे दगडी कुंपणात, गाणे म्हणून. गडग्यात किरडू, म्हणजे साप, असते म्हणून कोणी बिळात हात घालायचा नाही, दूर उभे राहून टाकायचा. दाढ आली तर बोळक्यात. 17 मुले, चार-चार दाढा, म्हणजे 68 दाणे भरायचे. गाण्याला एक ओळ मुलांनीच जोडली, “मागील दारी कोण आले, बाई बाई, दाढबाई.” दाणा टाकण्याआधी तोंड उघडून दाखवायचे आणि त्या दाढेवर ब्रश आडवा कसा पोहोचवायचा, गाल बोटाने बाजूला कसा धरायचा हे करून दाखवायचे. पालकसभेत मी वाटाण्याएवढी पेस्ट पिळून दाखवली, आणि सात-आठ वर्षांचे होईपर्यंत रात्रीचा ब्रश मोठ्या माणसाने करून द्यावा हे सांगितले. त्या सभेला ती काजूच्या कारखान्यातली आई अर्ध्या दिवसाची मजुरी बुडवून आली होती. पुढच्या आठवड्यात ती मुलाला घेऊन पथकाने लिहून दिलेल्या चिठ्ठीवर रुग्णालयात गेली आणि ती दाढ वाचली, म्हणजे भरून घेता आली. खिळ्यावरच्या पेल्यात आता तीन ब्रश आहेत, तीन रंगांचे. ते कोणी दिले हे महत्त्वाचे नाही.

दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा उघडली तर बोळक्याच्या तोंडावर बांधलेला कागद कुरतडलेला होता आणि आत एकही दाणा नव्हता. मला वाईट वाटले, कारण 41 दाणे झाले होते. मुले मात्र आनंदाने ओरडू लागली, मामा येऊन गेला, मामा येऊन गेला. दाणे पुन्हा भरायचे तर पुन्हा सगळ्यांची तोंडे पाहणे आले. टॉर्च घेऊन दोन दिवस मोजणी केली तेव्हा सुट्टीत आलेल्या पाच नव्या दाढा सापडल्या आणि फराळाच्या दिवसांत पडलेले दोन नवे ठिपकेही. त्या दोघांच्या घरी मी त्याच संध्याकाळी गेले. दर सुट्टीनंतर दाणे नव्याने भरायचे असे तेव्हापासून ठरले, आणि बोळक्यावरचा कागद मी मुद्दाम सैल बांधू लागले.

मार्चअखेर, काजूच्या मोहोराचा तुरट वास खिडकीतून येत असताना, तो मुलगा गालात बोट घालूनच वर्गात शिरला. वरची डावी, त्याची शेवटची राहिलेली, हिरडीतून एका कोपऱ्याने बाहेर आली होती. खिडकीपाशी नेऊन मी ती पाहिली, शेजारी चारही मोजल्या. खालची उजवी, भरलेली, राखाडी दिसत होती. त्याने डब्यातून दाणा घेतला आणि बोळक्यावर हात धरून थांबला.

“बाई, माझ्या चारांतली एक भरलेली आहे. तिचा दाणा काढू काय?”

या वेळी घंटा होत होती तरी मी बसून राहिले. म्हणाले, “नाही. ती तुझीच आहे. राहू दे.” त्याने दाणा आत सोडला, बोळके दोन्ही हातांनी उचलले, कानाशी नेले आणि हळूच हलवून ऐकले.